इंजिनात डोकावणारा स्वस्त कॅमेरा: घेताना काय बघायचं, घेतल्यावर कसं बघायचं

"हेड उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही, साहेब." गाडी ऑइल खायला लागली, धूर मारायला लागली की हे वाक्य ऐकावंच लागतं. मिस्त्री खोटं बोलत नसतो. पण हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडायचं म्हटलं की गॅस्केटचा सेट आला, हेडचं फेसिंग आलं, आणि मग "आता उघडलंच आहे तर पिस्टनच्या रिंगाही टाकून घेऊ" हेही आलं. बिल कुठे थांबेल याचा नेम नाही. तेवढं सगळं करण्याआधी स्पार्क प्लग काढून त्याच भोकातून एक बारीक कॅमेरा आत सोडला, तर निम्म्या शंका तिथल्या तिथे मिटतात. याला कुणी एंडोस्कोप म्हणतं, कुणी बोअरस्कोप, गॅरेजमध्ये नुसतं "पाइप कॅमेरा" म्हटलं तरी चालतं. हजार-दोन हजारांत कामापुरता मिळतो. मात्र तेवढ्याच पैशांत साफ निरुपयोगीही मिळतो, आणि जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात.

मी पहिला घेतला तो निरुपयोगीच होता. ८ मिमी जाड, पाच मीटर वायर, वर ठळक अक्षरांत "१०८० पी". हौसेने घरच्या स्प्लेंडरचा प्लग काढला आणि कॅमेरा आत सोडला. तो आट्यांना घासतच गेला, आणि आत पोचल्यावर स्क्रीनवर नुसतं करडं धुकं. लेन्स पुसली, फोन बदलला, अ‍ॅप बदललं, तरी धुकं ते धुकंच. कॅमेरा बिघडलेला नव्हता. त्याचा फोकस सुरू व्हायचा चार सेंटिमीटरपासून, आणि स्प्लेंडरचा अख्खा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमीचा. त्यात आठ मिमीचं डोकं घातल्यावर समोरची भिंत चार सेंटिमीटरच्या फार पुढे जाणार कुठून? तेव्हापासून मी जाहिरातीतला रिझोल्यूशनचा आकडा सगळ्यात शेवटी वाचतो.

आधी भोक मोजा

कॅमेऱ्याची जाडी आपल्या आवडीवर नसते, ती प्लगच्या भोकावर ठरते. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत १४ मिमीच्या आट्यांचा प्लग असतो, काही गाड्यांत १२ मिमीचा, आणि आपल्याकडच्या बहुतेक दुचाकींत १० मिमीचा. हे माप आट्यांच्या बाहेरच्या कडेचं झालं. भोकाचं मोकळं माप त्याहून कमी भरतं: १४ च्या भोकात साधारण साडेबारा, १२ च्या भोकात साडेदहाच्या आसपास, आणि १० च्या भोकात नऊलाही जरा कमी.

म्हणजे कागदावर ८ मिमीचा कॅमेरा तिन्हीत जातो. पण आत जाणं वेगळं आणि आत गेल्यावर हलवता येणं वेगळं. आपल्याला तो तिरका करायचा असतो, गोल फिरवायचा असतो आणि अडकू न देता बाहेर काढायचा असतो. म्हणून इंजिनासाठी ५.५ मिमीच घ्या. चारचाकीत तो सैल फिरतो, दुचाकीत आरामात जातो. ८ मिमीवाल्याचं चित्र बऱ्याचदा जास्त चांगलं असतं, हे खरं. बेसिनचा पाइप, एसीचा डक्ट, भिंतीतली वायर असली कामं असतील तर तो घ्या.

डिझेलवाल्यांनी इथे जरा थांबावं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, आतली हवा तापवणारा ग्लो प्लग असतो. त्याचे आटे ८ किंवा १० मिमीचे असले तरी टोकाकडचं भोक पुष्कळ इंजिनांत चार-पाच मिमीवर येतं. तिथे ५.५ चा कॅमेरा अडतो, ३.९ मिमीचा लागतो. आणि जुना, कार्बनने धरलेला ग्लो प्लग जोर लावून काढताना हेडमध्येच तुटला, तर नुसतं बघायला म्हणून घेतलेलं काम हेड उतरवण्यावर जातं. इंजेक्टर काढून त्या भोकातून बघता येतं, पण परत बसवताना तांब्याचा वायसर नवा टाकावा लागतो आणि कॉमन रेलच्या, म्हणजे जास्त दाबाच्या डिझेलच्या, लाइनीत कचरा जाण्याची धास्ती असते. डिझेलचं हे काम घरी करू नका. कॅमेरा घेऊन गॅरेजला जा आणि इंजेक्टर नाहीतरी निघणार असतील त्या दिवशी बघून घ्या.

फोकस, म्हणजे कॅमेऱ्याची नजर किती लांबची

या स्वस्त कॅमेऱ्यांचा फोकस कारखान्यातच पक्का केलेला असतो. अमुक अंतर ते तमुक अंतर एवढ्या पट्ट्यातच स्पष्ट दिसतं, त्याच्या अलीकडे-पलीकडे धूसर. माहितीच्या तक्त्यात हा आकडा खाली कुठेतरी बारीक अक्षरांत असतो: "३ ते ८ सेंमी", "२ ते १० सेंमी", "४ सेंमी ते ५० सेंमी". ज्या जाहिरातीत तो दिलेलाच नाही, ती तिथेच सोडून द्या.

इंजिनात किती अंतर लागतं, ते मोजून बघू. मारुतीच्या अल्टो ८०० चा बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७२ मिमी. कॅमेरा बोअरच्या मधोमध धरला तर बाजूची भिंत जेमतेम तीन सेंटिमीटरवर येते. पिस्टन तळाला असेल तर माथा सात-आठ सेंटिमीटरवर. म्हणजे आपलं सगळं जग दोन ते आठ सेंटिमीटरच्या आत. "२ ते १०" वाला मिळाला तर डोळे झाकून तोच. "३ ते ८" वाल्यावरही भागतं, पण एक युक्ती करावी लागते: भिंत बघताना कॅमेरा मध्ये न धरता समोरच्या भिंतीला टेकवायचा, म्हणजे अंतर सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतं.

रिझोल्यूशनबद्दल एवढंच सांगतो. बॉशचा जीआयसी १२० सी हा कारागिरांसाठी बनवलेला कॅमेरा आहे, आणि त्याची स्क्रीन ३२० बाय २४० ची. तरी माणसं त्यावर रोज काम करतात. फोकस आणि उजेड बरोबर असेल तर ६४० बाय ४८० मध्येही बोअरवरचा ओरखडा दिसतो. स्वस्त कॅमेऱ्यावर "१०८० पी" लिहिलेलं असतं तेव्हा पुष्कळदा आतलं चित्र छोटंच असतं, अ‍ॅप ते ताणून मोठं करतं.

बाजूची लेन्स: इथे पैसे वाचवू नका

प्लगच्या भोकातून सरळ आत बघितलं की पिस्टनचा माथा दिसतो. भिंती तिरक्या, घाटातल्या रस्त्यासारख्या लांबत गेलेल्या दिसतात. आणि व्हॉल्व्ह? ते दिसतच नाहीत, कारण ते हेडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीमागे असतात. जळलेला व्हॉल्व्ह शोधायला साधा एका लेन्सचा कॅमेरा घेणं म्हणजे दारातून आत शिरून दाराच्या वरचं तोरण शोधण्यासारखं आहे. मान वळवावीच लागते.

याला तीन उपाय. पहिला म्हणजे कॅमेऱ्यासोबत फुकट येणारा ४५ अंशांचा छोटा आरसा. तो डोक्यावर चिमट्यासारखा किंवा आट्याने बसतो. सिलिंडरमध्ये तो अजिबात वापरू नका. सोबत येणाऱ्या हुकाचं आणि लोहचुंबकाचंही तेच. आरसा निसटून पिस्टनवर पडला, तर जे हेड उघडायचं टाळायला कॅमेरा घेतला तेच उघडावं लागेल. पाकीट आलं की मी हे तिन्ही तुकडे आधी वेगळ्या डबीत टाकतो. सीटखाली पडलेला स्क्रू काढायला ते छान आहेत.

दुसरा उपाय म्हणजे दोन लेन्सचा कॅमेरा, एक पुढे आणि एक बाजूला. बटण दाबलं की चित्र बदलतं. बाजूच्या लेन्सने भिंत सरळ समोर दिसते, कॅमेरा गोल फिरवत गेलं की बोअरची पूर्ण फेरी होते. थोडासा तिरका केला तर व्हॉल्व्हचा काही भागही सापडतो. कमी पैशांत इंजिनासाठी याहून चांगलं काही नाही. घेताना एवढं बघा की बाजूच्या लेन्सला स्वतःचा एलईडी आहे. काहींना तो नसतो, आणि मग बाजूला नुसता काळोख.

तिसरा म्हणजे मान वळवणारा कॅमेरा. हातातल्या चक्रीने टोक दोन्ही बाजूंना १८० अंशांपर्यंत वळतं. पूर्ण उलटं वळवून व्हॉल्व्हकडे थेट बघता येतं. काम फार सुंदर होतं, फक्त दोन गोष्टी तपासा. यातले बरेचसे कॅमेरे साडेआठ मिमीचे असतात, म्हणजे १० मिमीच्या प्लगच्या भोकात त्यांची आशाच नको. ६ मिमीच्या आसपासचे मिळतात, पण महाग. दुसरं, टोक वळायला जागा लागते. डोक्याचा सरळ, कडक भाग लांब असेल तर तो लहान बोअरमध्ये वळताना भिंतीला अडतो.

वायर, उजेड आणि फोन

लांब वायर म्हणजे जास्त माल, असं वाटतं खरं. इंजिनात प्लगची विहीर (प्लग ज्यात बसतो तो खोल खड्डा) आणि स्ट्रोक धरून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या वर काही आत जात नाही. दीड-दोन मीटर पुष्कळ झाली. पाच-दहा मीटरची वायर पायात येते, आणि यूएसबीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात लांबीबरोबर करंट कमी पडून चित्र अडखळतं. वायर वाकवली तशी राहणारी, अर्धकडक घ्या. मऊ वायर प्लगच्या विहिरीतच गुंडाळी मारून बसते. मऊ वायर आधीच घरात असेल तर पहिल्या फूटभर भागाला बारीक बाइंडिंग वायर लावून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा, काम भागतं. फक्त डोक्याच्या जाडीपुढे जाऊ नका.

एलईडीचा उजेड कमी-जास्त करायची चक्री हवीच. पिस्टन काळा असतो, तो उजेड पिऊन टाकतो. भिंत आरशासारखी चकचकीत, ती तोच उजेड परत तोंडावर मारते. एका क्षणी पूर्ण उजेड लागतो, पुढच्या क्षणी अगदी मंद.

फोनला जोडायचा असेल तर टाइप-सी वायरवाला घ्या. तुमच्या अँड्रॉइड फोनला ओटीजी, म्हणजे बाहेरची यूएसबी वस्तू जोडायची सोय, चालते का, ते आधी पेनड्राइव्ह लावून बघा. ओप्पो, विवो, रिअलमी, वनप्लसच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटं वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. "कॅमेरा खराब निघाला" म्हणून परत पाठवणाऱ्यांतल्या कित्येकांचं दुखणं हेच असतं. आयफोनवाल्यांनी नुसतं टाइप-सीचं तोंड जुळतंय म्हणून घेऊ नये. आयफोनवर चालतो असं विक्रेत्याने स्पष्ट लिहिलेलाच घ्यावा.

वाय-फायवाला कॅमेरा दोन्हीकडे चालतो, पण मला तो आवडत नाही. तो स्वतःचं वाय-फाय सोडतो, त्यावर इंटरनेट नसतं, म्हणून फोन मध्येच गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि चित्र जातं. त्यासाठी डेटा बंद ठेवावा लागतो. शिवाय चित्र किंचित मागे पडतं. हात पुढे सरकलेला असतो, स्क्रीनवर मागची जागा दिसते, आणि कॅमेरा पिस्टनवर आपटतो.

स्वतःची स्क्रीन असलेल्याची गंमत वेगळीच. ग्रीसने माखलेल्या हातांनी फोन धरावा लागत नाही, मध्येच कुणाचा फोन येत नाही, अ‍ॅपची भानगड नाही. अ‍ॅपवरून आठवलं: पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन करून भलत्या ठिकाणची फाइल फोनमध्ये टाकू नका. प्ले स्टोअरवर यूएसबी कॅमेऱ्याची साधी अ‍ॅप्स आहेत, त्यांनी काम होतं. लॅपटॉपला जोडला तर विंडोजच्या कॅमेरा अ‍ॅपमध्येही बहुतेक वेळा चित्र येतं.

कितीचा घ्यायचा

भाव सारखे हलतात, तरी अंदाज देतो. पाचशे ते हजारात एका लेन्सचा, फोनला जोडायचा ५.५ मिमीचा मिळतो. पिस्टनचा माथा, रॉकर कव्हरखालचा गाळ, टर्बोची पाती, दाराच्या आतला गंज एवढं त्यात दिसतं. हजार-बाराशे ते अडीच हजारात दोन लेन्सचा. तीन ते सहा हजारात दोन लेन्स आणि स्वतःची स्क्रीन. त्याच्या पुढे मान वळवणारे.

वर्षातून दोनदा स्वतःच्या गाडीत डोकावायचं असेल तर फोनला लागणारा, दोन लेन्सचा, ५.५ मिमी, अर्धकडक वायरवाला घ्या आणि थांबा. सेकंड हँड गाड्या बघत हिंडायचं असेल किंवा चार मित्रांच्या गाड्या हाताखाली असतील तर स्क्रीनवाला परवडतो. मान वळवणारा घेण्याआधी कुणाचा तरी वापरून बघा. व्हॉल्व्ह बघायची वेळ खरंच किती वेळा येते, ते मोजा.

परत पाठवायची मुदत संपायच्या आत

पाकीट उघडतानाचा व्हिडिओ करा. मग बाजारातून ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप फूटभर आणा. प्लंबरकडे तुकडा फुकटही मिळेल. मारुतीच्या के१० आणि के१२ इंजिनांचा बोअर ७३ मिमीचा, म्हणजे हा पाइप आपला घरगुती सिलिंडर झाला. त्याच्या आत किल्लीने एक खोल आणि एक अगदी हलका ओरखडा काढा, तळाला वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचा तुकडा ठेवा, वरून फडकं टाकून अंधार करा आणि कॅमेरा आत सोडा. पुढच्या लेन्सने जाहिरात वाचता आली पाहिजे, बाजूच्या लेन्सने दोन्ही ओरखडे दिसले पाहिजेत. हलका ओरखडा दिसला नाही तर परत पाठवा, दुसऱ्या कुठल्या परीक्षेची गरज नाही.

दिसलाच तर मग कॅमेऱ्याचं डोकं दहा मिनिटं पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवा. आतून लेन्सवर बाष्प धरलं तर पाणी शिरतंय. नंतर वीस मिनिटं पूर्ण उजेडावर चालू ठेवून डोक्याला बोट लावा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर तो इंजिनात जाऊन आणखी तापणार. शेवटी डोकं हलकेच ओढून, पिळून बघा. इंजिनात सुटू शकणारं काहीही आपल्याला नको.

आता गाडीवर

इंजिन गार हवं. हात लावला की गार वाटेल इतकं. गरम अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढला तर आटे सोबत येण्याची भीती, आणि कॅमेऱ्याचं प्लास्टिक साठ-सत्तर अंशांच्या वर टिकत नाही. किल्ली काढून खिशात ठेवा. कॅमेरा आत असताना कुणी स्टार्टर मारला तर कॅमेरा गेला आणि कदाचित व्हॉल्व्हही.

इग्निशन कॉइल काढताना प्रत्येकीवर चिकटपट्टीने नंबर लावा. प्लग सोडवायच्या आधी विहिरीत हवा मारून धूळ उडवा. ही पायरी लोक गाळतात, आणि विहिरीतली वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते. हवेसाठी पंक्चरवाल्याकडे जायला लागलं तरी जा. मग सगळे प्लग काढा आणि काढले त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. एकाच प्लगचं टोक तेलकट असेल तर कॅमेरा आधी त्याच सिलिंडरमध्ये.

भिंत बघायला पिस्टन तळाला हवा. प्लगच्या भोकात शहाळ्याची लांब प्लास्टिकची नळी सोडा, ती वर-खाली होते त्यावरून पिस्टन कळतो. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर नको, तो अडकतो आणि ओरखडा पाडतो. क्रँकच्या (पिस्टन वर-खाली करणाऱ्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन ज्या दिशेला चालतं त्याच दिशेला हळू फिरवा. पाना पोचत नसेल आणि गाडी मॅन्युअल असेल तर सपाट जागेवर टॉप गिअर टाकून वीतभर ढकला, क्रँक फिरतो. फिरवताना कॅमेरा आणि नळी दोन्ही बाहेर. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात १ आणि ४ एकत्र वर येतात, २ आणि ३ एकत्र खाली जातात, म्हणून अर्ध्या फेऱ्यात चारही बघून होतात. तीन सिलिंडरला प्रत्येक पिस्टन वेगळा तळाला आणावा लागतो.

रेकॉर्डिंग चालू करा आणि मोठ्याने बोला: "एक नंबर, बाजूची लेन्स, रेडिएटरच्या बाजूची भिंत." घरी बसून बघताना सगळे सिलिंडर सारखेच दिसतात, तेव्हा आपलाच आवाज उपयोगी पडतो.

दिसतंय त्याचा अर्थ

पहिल्यांदा बघणारा हमखास घाबरतो. पिस्टनवर कार्बन असणारच, लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत तो जाड असणार. काळा, कोरडा, सगळीकडे सारखा असेल तर सोडून द्या. माथ्यावर अर्धगोल खळगे असतील तर तेही बहुधा कारखान्यातूनच व्हॉल्व्हसाठी कोरलेले. याउलट खळग्याच्या बाहेर कोरीव चंद्रकोरीसारखी चकचकीत ताजी खूण दिसली, तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागलाय. टायमिंगची चेन किंवा बेल्ट कधीतरी सरकलाय.

माथा मध्ये काळा आणि कडेकडेने ओला, स्वच्छ असेल तर रिंगांतून तेल वर येतंय. अख्खा पिस्टन धुऊन पुसल्यासारखा लख्ख असेल आणि बाकीचे काळे असतील, तर कूलंट शिरतंय, हेड गॅस्केटकडे बोट जातं. रेडिएटरचं पाणी कमी होतंय का, ते जुळवून बघा.

भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतील. त्या ओरखडे नव्हेत, होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात बोअर घासल्याच्या, खुणा आहेत. तेल धरून ठेवायलाच त्या पाडलेल्या असतात. दिसल्या तर आनंद माना. त्या पुसून भिंत काचेसारखी झाली असेल तर बोअर घासलाय. उभ्या, वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या रेघा वाईट. पण कॅमेरा सगळं फुगवून दाखवतो, केसाएवढी रेघ नांगरटीसारखी दिसते. म्हणून एकाच सिलिंडरवरून निकाल देऊ नका, सगळे शेजारी ठेवून बघा आणि कॉम्प्रेशन गेजचे, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरचे, आकडे सोबत घ्या. रिंग खाचेत अडकलीय का, बेअरिंग गेलंय का, हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

गेल्या दिवाळीच्या आसपास मेव्हण्याला एक सेकंड हँड गाडी फार आवडली होती. रंग छान, किलोमीटर कमी, भाव बाजारापेक्षा चाळीस हजारांनी खाली. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर बघितल्यापासून मला असा भाव दिसला की आधी कार्पेट उचलावंसं वाटतं. विकणारा बिचारा "बघा की खुशाल" म्हणाला. सीटच्या रुळांना थोडा गंज होता, पण कोकणच्या हवेत तो तसाही धरतो. दाराच्या खालच्या पाणी जायच्या भोकातून कॅमेरा घातला तर आत वाळलेल्या चिखलाची सरळ, आडवी रेघ.

मग प्लग काढले. एक, दोन, चार व्यवस्थित. तीन नंबरमध्ये बाजूची लेन्स खाली सरकवत नेली, तर बोअरच्या अर्ध्यावर करंगळीएवढ्या रुंदीचा तपकिरी पट्टा, पूर्ण गोल. तिथे पाणी साचून उभं राहिलं होतं. पाणी आत आलं तेव्हा त्याच सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार. सोबत आणलेले मिस्त्रीमामा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "पिस्टन वर आणा बघू." आणला. बाकीच्या तिघांपेक्षा तो किंचित खाली थांबत होता, आणि बोअरच्या वरच्या कडेचा कार्बनचा पट्टा बाकीच्यांपेक्षा रुंद होता.

"रॉड वाकलाय," मामा म्हणाले. "पाण्यात स्टार्टर मारलाय कुणीतरी."

पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन तरीही चालू राहू शकतं, कधीकधी पुढे वर्ष-दोन वर्षंसुद्धा. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं असं मला वाटलं नाही, तो तिसरा मालक होता. मेव्हण्याने गाडी घेतली नाही, पण तो तासभर माझ्याशी बोलला नाही, हेही नोंदवतो.

परत बसवताना

कॅमेरा बाहेर काढताना वायर ओढू नका, फिरवत फिरवत वर घ्या. डोकं मऊ फडक्याने पुसा. तेल बसलं असेल तर फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कार्ब क्लीनर लेन्सवर कधीच नको, प्लास्टिक पांढरं पडतं. भोकांतून एकदा टॉर्च मारून आत काही राहिलं नाही ना, ते बघा.

प्लग आधी हातानेच लावा. दोन-तीन फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत, अडला तर आटे वाकडे धरलेत, परत काढा. टॉर्क पाना असेल तर कंपनीने दिलेल्या मापावर आवळा. नसेल तर नवा, वायसरवाला प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा फेरा. जुनाच परत लावत असाल तर त्याहून पुष्कळ कमी, त्याचा वायसर आधीच दबलेला असतो. कॉइल नंबरांप्रमाणे लावा, चिकटपट्ट्या काढा, आणि पहिल्यांदा चालू करताना इंजिन मिनिटभर नुसतं उभं चालू द्या. थडथडत असेल तर बहुतेक वेळा एखाद्या कॉइलचा कनेक्टर "टक्" आवाज होईपर्यंत बसलेला नसतो.